गंजमीमांसा, अथवा खान्देशी ब्रेकवरील तांबूस थराचा साधार विचार

ग्रंथारंभी अनुबंधचतुष्टय सांगावे असा शास्त्रकारांचा दंडक आहे. त्यानुसार विषय: चारचाकी गाडीच्या ब्रेकवर धरणारा गंज. प्रयोजन: तो पाहून होणाऱ्या घबराटीचे निवारण, आणि जिथे खरोखर घाबरायला हवे तिथे ती घबराट नेऊन सोडणे. संबंध: लोखंड, पाणी आणि हवा यांचा आपसात जो आहे तोच, मालकाचा संबंध फार उशिरा येतो. अधिकारी: ज्याच्या दारात गाडी आहे, ती रोज बाहेर काढायला काम नाही, पण रविवारी सकाळी ती धुवायला वेळ आहे, असा जळगाव वा धुळे जिल्ह्यातला कोणीही सद्गृहस्थ. मंगलाचरण वगळले आहे. ते डॅशबोर्डवर आधीच चिकटवलेले असते.

प्रकरण पहिले: पूर्वपक्ष

पूर्वपक्ष म्हणतो, खान्देशात हा विषयच संभवत नाही. लोखंड गंजायला प्राणवायूही लागतो आणि पाणीही लागते. दोहोंपैकी एक नसले की गंज नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा जमतो आणि मग काम झपाट्याने सुरू होते. आता जळगावचा मे महिना घ्या. पारा 45 च्या पुढे, ओठ फुटलेले, दारे आकसून बिजागऱ्यांत कुरकुरणारी, हवेत ओलावा औषधालाही नाही. धुळे तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत बसलेले. अशा मुलखात गंजाला यायचे असेल तर त्याने आपले पाणी सोबत बांधून आणावे.

जुन्या गाड्यांच्या बाजारात याच मताची चलती आहे. नंबरपाटीवर एमएच-19 किंवा एमएच-18 असले की विकणारा छाती काढून सांगतो, “आपल्याकडचीच गाडी आहे भाऊ, पत्रा पाहून घ्या.” तीच मुंबई पासिंग निघाली की गिऱ्हाईक बोलणी करण्याआधी गाडीखाली वाकते. यात तथ्य आहे. गंजणे ही मुळात एक विद्युत-रासायनिक घडामोड, आणि खाऱ्या हवेतले मीठ त्या पाण्याच्या पापुद्र्याला विजेचा चांगला वाहक करून ठेवते. कोकणातला गंज हा मात्र स्वतंत्र ग्रंथाचा विषय असून, तो लिहायला बसल्यास पहिले प्रकरण संपण्याआधी टाकाचे निब गंजेल.

पूर्वपक्षाचा दोष एवढाच की तो सबंध एका मे महिन्यावर उभा आहे. गंजाला जिल्ह्याची सरासरी कळत नाही, त्याला फक्त त्या चकतीवरचा ओलावा कळतो. मृगापासून हस्तापर्यंत तो ओलावा आभाळ पुरवते. पुढे रविवारची धुलाई पुरवते. रावेर-यावलकडे ठिबकवर वाढलेल्या केळीच्या बागेत सावली पाहून गाडी लावतात. तिथल्या जमिनीची वाफ पुरवते. आणि सर्वांत गुणी पुरवठादार म्हणजे गाडीवरचे कव्हर. ओली गाडी झाकून ठेवली की आतला दमटपणा बाहेर जायला वाट नाही. मालक मात्र, आपण गाडीची किती काळजी घेतो, या समाधानात असतो.

शिवाय हे लोखंड उघडे असते. गाडीचा पत्रा रंगाखाली, इंजिनाचे भाग तेलाखाली, नटबोल्ट मुलाम्याखाली. ब्रेकच्या डिस्कला यातले काहीच लावता येत नाही, कारण तिचा सगळा धर्म पॅडने घासून घेण्याचा. ती ओतीव लोखंडाची असते, ज्यात कर्ब ग्रॅफाइटच्या पाकळ्यांच्या रूपाने पसरलेला असतो. हे लोखंड उष्णता चटकन वाहून नेते, थरथर गिळते आणि स्वस्त पडते. मोटारसायकलच्या डिस्क बहुधा स्टेनलेस पोलादाच्या असतात, म्हणून धुतल्यावरही त्या चकाकत राहतात आणि शेजारच्या मोटारीला लाजवतात. सोन्याचे तर बोलायलाच नको. लोखंडाचा प्रमाण विद्युत-विभव उणे 0.44 व्होल्ट आणि सोन्याचा अधिक 1.50 व्होल्ट असल्याने सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावात डिस्क कशाची करावी याचे शास्त्रीय उत्तर सराफ बाजारात उपलब्ध आहे. अडचण फक्त हप्त्याची.

प्रकरण दुसरे: साधनचर्चा

संशोधनाची गोष्ट निघाली की धुळ्याला वळावेच लागते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी याच गावी वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने इथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. बखरींवर विसंबू नका, अस्सल कागद पाहा, हा त्यांनी घालून दिलेला धडा. तो ब्रेकशास्त्राला लावल्यावर जे दिसते ते थक्क करणारे आहे.

आपल्या विषयात बखर म्हणजे मालकाचे निवेदन. सर्व उपलब्ध बखरींची सुरुवात एकच: “कालपर्यंत अगदी मस्त चालत होती.” हे वाक्य इतक्या गॅरेजांत इतक्या तोंडांतून एकाच शब्दरचनेत सापडते की त्यामागे एखादी हरवलेली मूळ प्रत असावी. बखरीत कालगणना भरवशाची नसते. “परवाच सर्व्हिसिंग केलं” यातला परवा हा दिवाळीच्याही अलीकडचा असेलच असे नाही. जुनी गाडी विकणाऱ्याची बखर तर केवळ वाङ्मय म्हणून वाचावी.

त्याखालोखाल मिस्त्रीची टिपणे. ती कागदाच्या खोक्याच्या फाडलेल्या तुकड्यावर असतात, त्यात उधारीचा भाग सुवाच्य आणि कामाचा भाग पुसट असतो. तरी मिस्त्रीचे हात हे फार मोठे साधन आहे. चाक हाताने फिरवून, कान लावून, तो जे सांगतो ते पुष्कळदा खरे निघते.

पण अस्सल साधन एकच, खुद्द डिस्क. बहुतेक डिस्कवर किमान जाडीचा आकडा कारखान्यातच कोरलेला असतो. नवी डिस्क आणि बाद डिस्क यांत फरक साधारण दोन मिलिमीटरांचा; त्या दोन मिलिमीटरांत तिचे सगळे चरित्र संपते. हा कोरीव लेख मधल्या उंच भागावर किंवा कडेला असतो, आणि नेमक्या तिथे पॅड पोचत नसल्याने गंजाची पुटे चढून अक्षरे बुजलेली असतात. मग तारेचा ब्रश, थोडे रॉकेल आणि चिकाटी. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला, तेव्हा त्यांनाही अक्षर अक्षर लावून वाचावे लागले असेल. त्यांना निदान जॅक लावावा लागला नाही.

प्रकरण तिसरे: अभावविचार

अमळनेरला प्रतापशेठजींच्या आश्रयाने 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर सुरू झाले. त्यामुळे जळगाव जिल्ह्यात गंजाचा तात्त्विक विचार करायला कोणाची परवानगी काढावी लागू नये. नैयायिकांनी अभाव चार प्रकारचे सांगितले आहेत, आणि चारही ब्रेकवर दाखवता येतात, हे आजवर कोणाच्या लक्षात आले नसावे.

शोरूममधून बाहेर पडलेल्या गाडीच्या डिस्कवर जो गंज नाही, तो अजून व्हायचा आहे: प्रागभाव. हा अनादि असला तरी पहिल्या धुलाईपर्यंतच टिकतो. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीची डिस्क सकाळी गेरू फासल्यासारखी दिसते; गल्लीच्या तोंडापर्यंत जाताना चारपाचदा ब्रेक दाबला की पॅड तो थर खरडून काढतात आणि खाली लख्ख लोखंड निघते. हा प्रध्वंसाभाव. गंज होता, आणि आता नाही. मोटारसायकलची स्टेनलेस डिस्क हा अत्यंताभावाच्या फार जवळचा नमुना. आणि चाकाच्या रिंगणावर साचणारी तपकिरी पूड? मालक तिला गंज समजून घासत बसतो. ती पॅड आणि डिस्क यांच्या झिजेची भुकटी. तिच्यात लोखंडाचे कण असल्याने ती तांबूस होते खरी, पण रिंगण गंजलेले नसते. ती गंज नव्हे, गंज ती नव्हे. हा अन्योन्याभाव. ती पूड हवेच्या फुंकरीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. नाकात गेलेला अन्योन्याभाव डॉक्टरांना काढता येत नाही.

या सगळ्यांत मालकाला रडवतो तो दुसरा, म्हणजे रात्रीत येणारा आणि गल्लीच्या तोंडापर्यंत जाणारा गंज. नवी गाडी घेतलेला गृहस्थ, मोबाइलमध्ये चाकाचा फोटो, चेहऱ्यावर सुतक, अशा थाटात गॅरेजला येतो. धुळ्याचा मिस्त्री पान्यावरून नजर न काढता विचारतो, “काय व्हयनं, नाना?” फोटो पाहतो. “हाऊ गंज शे, रोग नही.” आणि पुन्हा पान्याकडे वळतो. एवढ्या थोड्या शब्दांत निदान, उपचार आणि फी माफी बसवणारे वैद्यक दुसरे नसेल.

जो गंज घासला जातो तो राहत नाही, आणि जो राहतो तो घासला जात नाही. याची सर्वांत मोठी प्रयोगशाळा भुसावळला आहे. जंक्शनवरच्या मुख्य रुळाचा माथा पाहा: आरशासारखा. त्याच रुळाची बाजू पाहा: वीट. आणि कडेच्या सायडिंगला जिथे डबे क्वचित जातात तिथला माथाही तपकिरी. लोखंड एकच, पाऊस एकच, फरक चाकाचा. डिस्कचे तसेच. मधला उंच भाग आणि बाहेरची धार कायम तांबडी राहते, त्याने कोणाचे काही बिघडत नाही. पण पॅडच्या वाटेवरच खड्डे पडले, बोट फिरवल्यावर नख अडकू लागले, तर ती सायडिंग झाली आहे असे समजावे.

प्रकरण चौथे: धूमाग्निन्याय व भास्करीय गणित

तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यात विद्यार्थ्याला एक डोंगर दाखवतात. डोंगरावर धूर दिसतो, जिथे धूर तिथे अग्नी, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. हा डोंगर कोणता, याविषयी ग्रंथांत मौन आहे. आमच्या मते तो चाळीसगाव-कन्नडचा औट्रम घाट. तिथे डोंगरावर धूर हमखास दिसतो, फक्त त्याचा उगम मालट्रकच्या मागच्या लायनरमध्ये असतो. बिजासन, कोंडाईबारी, राहूड याही घाटांनी या डोंगरपदासाठी अर्ज करण्यासारखे काम केले आहे.

औट्रम घाटाचा दावा आणखी एका कारणाने भक्कम. त्याच्याच डोंगरात पाटण आहे, जिथे 1207 च्या सुमारास भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, असे तो शिलालेख सांगतो. तेव्हा या जागी एक उदाहरण न सोडवता पुढे जाणे अशिष्टपणाचे होईल. माणसांसह हजार किलो वजनाची मोटार शंभर मीटर उंची उतरते. वेग वाढू द्यायचा नाही. किती उष्णता निर्माण होईल? वजन, गुरुत्व आणि उंची यांचा गुणाकार: सुमारे 9 लाख 80 हजार ज्यूल. एवढ्यात साधारण तीन लिटर पाणी उकळीला येते. म्हणजे दर शंभर मीटर उतारामागे तीस कटिंग चहा. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असेल तर त्यातला मोठा वाटा इंजिन उचलते. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्याच्या गाडीत तीसच्या तीस कप ब्रेकच्या नावावर पडतात.

चहा उकळतो तसे ब्रेक ऑइलही उकळते, आणि गंजाचा गुन्हेगारी भाग इथून सुरू होतो. मिस्त्री ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात ते तेल नव्हेच; ग्लायकॉल जातीचा तो द्रव हवेतला ओलावा शोषतो. कोरडे डॉट-3 निदान 205 अंशांपर्यंत आणि डॉट-4 निदान 230 अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, त्यात 3.7 टक्के पाणी मिसळले की ही मर्यादा अनुक्रमे 140 आणि 155 वर येते. उकळले की वाफ, वाफ दाबली जाते, आणि पेडल फरशीला टेकते. तेच पाणी सिलेंडर आणि पिस्टन आतून गंजवते. म्हणून हे ऑइल दोन वर्षांनी बदलावे, गाडी चालली असो वा नसो. “गाडी चाललीच नाही तर ऑइल कशाला बदलायचं?” असे विचारणारे लोक लोणच्याच्या बरणीला मात्र ओला हात लागू देत नाहीत.

प्रकरण पाचवे: गुप्त गंज

आता खरा विषय. वरची चार प्रकरणे वाचकाचा धीर बांधण्यासाठी होती.

डोळ्यांना दिसणारा गंज निरुपद्रवी आणि न दिसणारा उपद्रवी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मालक मात्र नेमका उलटा वागतो, आणि त्याला कारण डिस्क चाकाच्या जाळीतून दिसते हेच. कॅलिपरच्या पिना दिसल्या असत्या तर त्याने त्यांच्याकडेही पाहिले असते.

आपल्या बहुतेक मोटारींत पिस्टन डिस्कच्या आतल्या बाजूला एकच असतो. तो आतला पॅड दाबतो, आणि त्या धक्क्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. या पिना रबरी टोपीत, ग्रीसमध्ये बसलेल्या. टोपीला चीर पडली की आत पाणी, पाण्यामागून गंज, आणि एके दिवशी पीन जाम. मग कॅलिपर सरकत नाही. आतला पॅड एकटा राबतो आणि पातळ होऊन संपतो, बाहेरचा जाडजूड राहतो. एकत्र कुटुंबात पाहायला मिळते तसे. बाहेरून वाकून पाहणारा म्हणतो, “पॅड तर नवेच आहेत.” कधी पॅड सुटतच नाही. गाडी एका बाजूला ओढते, अॅव्हरेज पडते, चाक तापते.

तापलेले चाक ही जुनी, चांगली परीक्षा. लांबून येऊन थांबल्यावर हात न लावता चारही चाकांजवळ तळवा न्यावा. एक इतरांपेक्षा कढत लागले तर तिथे ब्रेक अडकला आहे. पण जळगावात मे महिन्यात दुपारी हा हेतू सव्यभिचार ठरतो. उभ्या गाडीची चारही चाके कढत, बॉनेट कढत, दाराची कडी कढत, आणि तळवा नेणाराही कढत. तर्क करायचा तो सकाळी लवकर.

मागे बहुधा ड्रम. ड्रमच्या आत काय चालले आहे हे ड्रम काढल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही. पावसातून आलेली गाडी हँडब्रेक ओढून उभी केली, आणि ती तशीच उभी राहिली, की लायनर आणि ड्रम यांच्या सांध्यात गंज धरतो व दोघांना चिकटवतो. हँडब्रेकची केबलही आवरणाच्या आत गंजून अडकते. लिव्हर खाली गेला तरी चाकाला ती बातमी पोचत नाही. 2020 च्या टाळेबंदीत मार्चअखेर उभ्या राहिलेल्या पुष्कळ गाड्या पावसाळ्यापर्यंत हलल्या नाहीत, आणि त्या काळात या विद्येचा जेवढा प्रसार झाला तेवढा एरवी झाला नसता.

एरवी हा रोग एका विशिष्ट गाडीला जडतो. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याने वडिलांसाठी घेतलेली गाडी. वडील ती आखाजीला काढतात, कानबाईच्या रोटांना काढतात, लग्नसराईत जरा जास्त, आणि मध्ये एखादे वेळी फक्त चालू करून उभ्याउभ्या गुरगुरवतात, बॅटरी उतरू नये म्हणून. बॅटरी ठणठणीत राहते. चाके तिथल्या तिथे. मिस्त्रीचा पहिला प्रश्न, “कितला दिन पासून उभी शे?” याला वडील उत्तर देत नाहीत. ते म्हणतात, “किलोमीटर फक्त आठ हजार झालेत!” त्यांना वाटते ही बचावाची साक्ष आहे. सरकारी वकील तीच वापरतो.

विजेवरच्या गाड्यांनी तर हा पेच आणखी वर नेला आहे. त्या वेग कमी करताना मोटारलाच जनित्र करून वीज परत घेतात, त्यामुळे खऱ्या ब्रेकला कामच उरत नाही आणि रोज चालणाऱ्या गाडीची डिस्कही बेकारीने गंजते. फोक्सवॅगनने आपल्या आयडी मालिकेतल्या काही विजेरी गाड्यांना मागे पुन्हा झाकलेले ड्रम बसवले, त्यामागे हेही एक कारण. म्हणजे प्रगती होता होता आपण जुन्या ड्रमपाशी आलो.

गंज जागाही जास्त खातो. मूळ लोखंडाच्या कितीतरी पट त्याचे आकारमान. घराच्या स्लॅबमधली सळई गंजली की खालचे प्लास्टर फुगून पडते. ब्रेकशूच्या पत्र्यावर लायनरच्या खाली गंज धरला की तोही लायनरला उचलून सोडवतो. डिस्क आणि हब यांच्यामध्ये पोपडा राहिला तर डिस्क केसभर तिरकी बसते, आणि हायवेवर ब्रेक दाबला की स्टेअरिंग थडथडते. मालक अलाइनमेंट करून येतो. मग बॅलन्सिंग करून येतो. मग टायर बदलतो. हबवर तारेचा ब्रश फिरवणे हे काम फारच स्वस्त असल्याने शेवटी सुचते.

प्रकरण सहावे: उपचार, निषिद्धांसह

अडकलेला ड्रम सोडवण्याचा विधी असा. प्रथम गाडी पुढे-मागे हळुवार झुलवावी, जोर रिव्हर्सचा जास्त. सुटला तर “टक्” असा आवाज येतो आणि सर्वांच्या तोंडून एकदम “सुटला!” निघते. नाही सुटला तर चाक काढून ड्रमच्या तोंडावर हातोडीने गोल फिरत ठोके. एका जागी घाव घालू नये, ओतीव लोखंड मनाला लावून घेते आणि तडकते. पुष्कळ ड्रमना दोन आटे पाडलेली भोके असतात. त्यांत बोल्ट आळीपाळीने पिळत गेले की ड्रम आपसूक बाहेर ढकलला जातो. ही भोके कशासाठी आहेत हे न कळल्याने अनेक ड्रमांनी विनाकारण मार खाल्ला आहे.

पिना काढून साफ कराव्यात, टोपी फाटली असल्यास नवी घालावी, आणि सिलिकॉनचे ग्रीस लावावे. बेअरिंगचे नेहमीचे ग्रीस नको, खनिज तेलाने हे रबर फुगते. याच कारणाने ब्रेक ऑइलच्या डबीत इंजिन ऑइलचा थेंबही जाता कामा नये. सगळ्या सिलेंडरांची रबरे फुगून नवे किट टाकायची पाळी येते.

डिस्कला मात्र काही म्हणजे काही लावू नये. इथे परोपकारी माणसांपासून सावध राहावे. गंज दिसला की कोणी स्प्रे घेऊन येतो, कोणी खोबरेल, कोणी शिलाई मशीनचे तेल. 1945 साली अमळनेरात वनस्पती तेलाची जी कंपनी निघाली तिची पुढे विप्रो झाली, म्हणजे तेलाने या तालुक्याचे कल्याण झाले आहे यात वाद नाही. पण डिस्कला तेल लावले की गंज थांबतो आणि गाडी थांबत नाही. पॅड तेल पितात, आणि प्यालेले पॅड फेकावेच लागतात.

रसायनवाद्यांचा पक्ष अधिक विचार करण्याजोगा. बिजासन घाट चढून पुढे गेले की माळव्यात धार लागते. तिथे लाट मशिदीपाशी एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे पडले आहेत. दिल्लीच्या मेहरौलीतला त्याचा भाऊ प्रसिद्ध. उघड्यावर शतकानुशतके राहून ही लोखंडे टिकली कशी? आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवले की दिल्लीच्या स्तंभातल्या भरपूर फॉस्फरसमुळे त्याच्यावर फॉस्फेटयुक्त रक्षक थर तयार झाला. बाजारात गंज बदलणारे म्हणून जे द्रावण मिळते त्यात बहुधा फॉस्फरिक आम्ल असते, तेच काम घाईघाईने करणारे. काळ्या रंगाच्या थंड पेयांतही हे आम्ल असते. ते ओतून गंज काढणारे लोक आहेत, आणि नंतर त्या साखरेवरच्या मुंग्या काढणारेही तेच. हे द्रावण कॅलिपरच्या बाहेरच्या अंगाला, मागच्या पत्र्याला, ब्रॅकेटला चालेल. डिस्कच्या वाटेवर नको. तिथे खड्डे बारीक असतील तर लेथवर फेस मारून घ्यावा, आणि मारल्यावर जाडी त्या कोरलेल्या आकड्याखाली जात असेल तर लेथवाल्याला त्रास न देता नवी जोडी घ्यावी. जोडी, एकच बदलून काटकसर करणाऱ्याची गाडी ब्रेक मारताच आपले मत बदलते.

गंज फेकण्यापूर्वी आयुर्वेदाचे म्हणणे ऐकून घेणे प्राप्त आहे. लोखंडाचे जुने कीट म्हणजे मंडूर. शोधून-मारून त्याचे भस्म पांडुरोगावर देतात. रसशास्त्रात शंभर वर्षांचे मंडूर उत्तम, ऐंशीचे मध्यम, साठचे कनिष्ठ, त्याहून कोवळे विषासमान असा उतरता क्रम सांगितला आहे. काल रात्रीच्या पावसाने धरलेला गंज या कसोटीवर अजून एकोणसाठ वर्षे आणि तीनशे चौसष्ट दिवस कमी पडतो. वाचकांनी तो चाखू नये.

प्रकरण सातवे: विटेचा प्रश्न

गाडी बरेच दिवस उभी करायची तर हँडब्रेक ओढू नये, पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला अटकाव लावावा, यावर आता सर्व शाखांचे एकमत आहे. मतभेद अटकावाविषयी आहेत, आणि ते तीव्र आहेत.

धुळे संप्रदाय दगडाचा. काळा बसाल्ट, तीन कोनांचा, लळिंगच्या बाजूला हवा तेवढा. तो झिजत नाही, चोरीला जात नाही, आणि ऐन वेळी कुत्र्यालाही दाखवता येतो. जळगाव संप्रदाय विटेचा. वीट सपाट बसते, टायरला टोचत नाही, आणि शेजारी बांधकाम चालू असल्यास फुकट मिळते. दगडवाद्यांचा आक्षेप असा की वीट भाराखाली फुटते. वीटवाद्यांचा असा की दगड कलतो. लाकडी ओंडक्याचा तिसरा पक्ष दोघांनी मिळून हाणून पाडला, कारण थंडीत तो शेकोटीत जातो.

मूळ अडचण दोन्ही संप्रदायांनी टाळली आहे. महिन्याने आजोबा घाईत येतात, मागे नात, हातात नारळ, पद्मालयाला जायचे. गाडी सुरू, गिअर टाकला, क्लच सोडला, गाडी हलत नाही. “ब्रेक चिकटले!” असे म्हणून ते उतरतात. मिस्त्रीला फोन. गल्लीतले चौघे जमा, कोणी झुलवा म्हणतो, कोणी रिव्हर्स, कोणी हातोडी आणायला घरात. मिस्त्री स्कूटरवरून येतो, स्टँडही न लावता चाकाकडे पाहतो आणि पायाने वीट बाजूला करतो.

या फेरीचे पैसे घ्यावेत की नाही, यावर धुळे आणि जळगाव दोन्ही गावांच्या मिस्त्रींत अद्याप एकवाक्यता नाही.